एकट्यापुरती बाग

त्या वर्षी तीर्थपुरीत हिरवं असं काही उरलं असेल, तर ते बद्रीनाथ मास्तरांच्या परसात. विहिरींनी तळ दाखवला होता, धडधाकट माणसं सडकेच्या कामावर खडी फोडायला लागली होती आणि आठवडी बाजारात भाजी म्हणून कांदे नि वाळल्या मिरच्या तेवढ्या दिसायच्या. अशा दिवसांत एका बिऱ्हाडकरू मास्तराच्या घरामागं शेपू, मेथी, चुका आणि वांगी सुखानं नांदत होती. लोक मुद्दाम वाकडी वाट करून ते बघून जात.

बद्रीनाथ औरंगाबादेत बी.एस्सी. होऊन नुकताच गावच्या शाळेत विज्ञान शिकवायला आला होता. लग्न व्हायचं होतं, आईवडील जुन्या जालन्यात, इथं राहायला हा एकटाच. पाण्याचे हाल बघून त्याच्या डोक्यात एक प्रश्न शिरला आणि काही केल्या निघेना. एक माणूस आंघोळीला नि भांड्याकुंड्याला जेवढं पाणी वापरून सोडून देतो, तेवढ्याच पाण्यावर त्या माणसापुरती भाजी पिकेल का?

मग तो कामालाच लागला. न्हाणीपासून परसाच्या भिंतीकडेनं वाफ्यांपर्यंत उताराचा बारीक पाट काढला. वाफे अरुंद ठेवले, म्हणजे कडेला बसून हात पोचावा, आत पाय पडून माती दाबली जाऊ नये. शेपू-मेथी एकदम न पेरता थोडी थोडी, मागंपुढं पेरली. एकट्या माणसाला सगळी भाजी एकाच वेळी तयार होऊन काय करायची आहे? वांग्याची मोजकीच रोपं, कारण रोज वांगं कोण खाणार. उघड्या मातीवर तुरीचा भुसा पसरला, ऊन थेट लागू नये म्हणून. निघेल ती भाजी तो शाळेच्या तराजूत तोलायचा नि स्वतःच खायचा. कुणाला काडी द्यायचा नाही. त्यात कंजुषी नव्हती, असं त्याचं त्यालाच वाटे. वाटून टाकली तर एका माणसाला किती लागते हे कळायचं कसं?

आणि हिशेब जमला. कागदावर मांडलं होतं तसंच वाफ्यात उतरलं. कॉलेजात पहिला वर्ग मिळाला तेव्हाही त्याला एवढं बरं वाटलं नव्हतं.

ही गोष्ट सरपंच सर्जेरावांनी तालुक्याला शेती विस्तार अधिकाऱ्याच्या कानावर घातली. साहेबांनी निरोप धाडला, शनिवारी बघायला येतो. बाहेरगावी नोकरीला एकटे राहणारे तलाठी, ग्रामसेवक, नर्सबाया यांच्यासाठी एक माहितीपत्रक काढायचा त्यांचा विचार होता, आणि बाग पसंत पडली तर त्यावर बद्रीनाथाचं नाव येणार होतं. सर्जेरावांनी हे चारचौघांत सांगितलं तेव्हा बद्रीनाथानं मान खाली घातली, पण घरी आल्यावर आरशात पाहून घेतलं.

गुरुवारी संध्याकाळी केशरबाई भिंतीशी आल्या. त्यांचं घर पलीकडच्या अंगाला, मधे छातीएवढी दगडमातीची भिंत. मुलगा रामकिसन सडकेच्या कामावर, सून पुष्पा नि दम्याचा नवरा घरीच. येता-जाता बद्रीनाथाची थट्टा करायची त्यांना सवय होती. वांग्यांची हजेरी घेतली का, कोणी गैरहजर न्हाई ना, असं काहीबाही विचारायच्या. त्या दिवशी थट्टा नव्हती.

"मास्तर, पुष्पा बाळंत झाली. दूध उतरून न्हाई राह्यलं, लेकरू रडरड रडतंय. मूठभर शेपू द्या. बाजारात तर बिलकुल न्हाई."

बद्रीनाथानं शेपूच्या वाफ्याकडं पाहिलं. हिरवा, दाट, पायऱ्यांसारखा चढत गेलेला. सगळ्या बागेत तोच देखणा होता. कोपऱ्यातून मूठभर उपटली असती तरी खिंडार दिसलं असतं.

"केशरबाई, परवा साहेब येणार आहेत. तोवर वाफा भरलेला दिसायला पाहिजे. ते गेले की सगळी शेपू तुमचीच."

"परवा व्हय," केशरबाई म्हणाल्या. "बराबर हाय. साहेब आधी."

त्या आत गेल्या. बद्रीनाथ स्वतःची समजूत घालत राहिला, की नाही कुठं म्हटलंय, दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे. तरी त्या संध्याकाळी त्यानं परसाकडचं दार लावून घेतलं. पलीकडून लेकराचं रडणं येत होतं.

शुक्रवारी मुख्याध्यापकांना पंचायतीत बोलावणं आलं नि शाळा दुपारीच सुटली. बद्रीनाथ घरी आला, परसाच्या दाराची कडी काढली आणि पाणी सांडल्याचा आवाज ऐकून थबकला. दाराच्या फटीतून त्यानं पाहिलं.

भिंतीच्या बुडाशी पावसाचं पाणी वाहून जायला एक भोक ठेवलेलं होतं. त्या भोकातून करडं पाणी येत होतं आणि सरळ त्याच्या पाटात उतरून शेपूच्या वाफ्याकडं जात होतं. भिंतीपलीकडं केशरबाईंचं वाकलेलं डोकं नि कलत्या परातीची कड दिसत होती. भांडी घासलेलं पाणी त्या परातीतून बेतानं ओतत होत्या, राख मागं राहील अशा बेतानं. परात रिकामी झाल्यावर त्यांनी उभं राहून वाफ्यांवरून नजर फिरवली. "आता तग धरतील," असं स्वतःशीच म्हणाल्या नि पदरानं कपाळ पुसत गेल्या. त्यांच्या वागण्यात नवं काही करत असल्याची खूण नव्हती. रोजचं काम उरकावं तसं त्यांनी ते उरकलं.

बद्रीनाथ दारामागं तसाच उभा राहिला. भिंतीकडचे वाफे संध्याकाळीही ओले कसे, हा प्रश्न त्याला पडला नव्हता असं नाही. त्याचं श्रेय त्यानं भुशाला दिलं होतं. आता सगळं स्वच्छ दिसलं. ती बाग एका माणसाच्या पाण्यावर कधी उभीच नव्हती. एक अख्खं घर तिला पाणी पाजत होतं. आणि काल ज्या वाफ्यातली मूठभर भाजी त्या बाईला मिळाली नाही, त्याच वाफ्यात तिनं आज पाणी सोडलं होतं.

दार उघडायला हवं होतं. शेपू उपटून तेव्हाच भिंतीवरून द्यायला हवी होती. हे त्याला त्या क्षणीही कळत होतं. पण साहेब उद्यावर आले होते, सर्जेरावांनी गावभर सांगून ठेवलं होतं, आणि हिशेब चुकला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? उद्याचा दिवस जाऊ दे, मग सगळं निस्तरू, असं ठरवून त्यानं दाराची कडी हलकेच, आवाज न करता, पुन्हा लावली.

शनिवारी जीप आली. साहेबांबरोबर सर्जेराव आणि पंचायतीची माणसं परसात दाटीवाटीनं उभी राहिली. भिंतीपलीकडं केशरबाईही येऊन उभ्या होत्या. बद्रीनाथानं वाफ्यांची रुंदी, पेरणीचा क्रम, भुशाचं कारण सगळं नीट सांगितलं. "एका माणसाच्या सांडपाण्यावर" या शब्दांपाशी त्यानं वाकून भुसा सारखा केला. मग ते वाक्य त्यानं पुरं केलं.

साहेब खूश झाले. भिंतीकडं वळून हसत म्हणाले, "काय हो बाई, शेजारी एवढी बाग पिकते, तुम्ही का नाही लावत? सांडपाणी तर तुमच्याकडंही असेलच."

केशरबाईंनी एकदा बद्रीनाथाकडं पाहिलं.

"आमच्या पाण्याला काय गुण न्हाई साहेब," त्या म्हणाल्या. "गुण मास्तरच्या हाताचा हाय."

सगळे हसले. बद्रीनाथही हसला. तेवढंच नाही, साहेब पुढं काही विचारतील तर काय सांगायचं याची जुळवाजुळवही त्यानं मनात केली. पण त्यांनी विचारलं नाही.

निघताना सर्जेरावांना पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवणं बरं दिसेना. त्यांनी एका गड्याला खूण केली. बद्रीनाथ "अहो, ते..." एवढंच म्हणाला, आणि त्या माणसानं वाफ्यात बसून सगळी शेपू मुळासकट उपटली, माती झटकली, पेंढी बांधली नि जीपमधे मागं नेऊन ठेवली. सर्जेराव म्हणाले, मास्तर एकटाच माणूस, त्याला एवढी काय करायची.

जीप गेली, माणसं पांगली. बद्रीनाथानं वाफ्यात वाकून तुटून पडलेल्या काड्या वेचल्या. पसाभरही झाल्या नाहीत. चार वांगी तोडली, मेथी काढली आणि गल्लीतून वळसा घालून तो केशरबाईंच्या दाराशी गेला. इतक्या महिन्यांत त्या दारात तो पहिल्यांदाच उभा होता.

केशरबाई ओट्यावर जवारी निवडत होत्या. आत पुष्पा लेकराला थोपटत होती.

"शेपू गेली," तो म्हणाला.

"पाह्यलं म्या." मेथी त्यांनी पदरात घेतली. "साहेबाच्या घरी तरी कोणी बाळंतीण हाय का?"

ते टोचून बोलणं होतं की खरंच विचारणं, त्याला कळलं नाही. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, एवढं मात्र त्याला कळलं.

"केशरबाई, पाणी तुमचं होतं. साहेबांसमोर मी सांगायला पाहिजे होतं."

जवारीतला हात थांबला.

"तुम्हाला ठाव होतं?"

"काल दुपारी पाहिलं. दाराआडून."

केशरबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. मघाशी भिंतीवरून पाहिलं होतं ती नजर ही नव्हती. "मला वाटलं, तुम्हाला ठाव न्हाई," त्या सावकाश म्हणाल्या. "पोरगं येवढं खुशीत हाय, चारचौघांत कशाला त्याचं हसू करायचं, म्हणून मी तसं बोलले. तुम्हाला तर सगळं ठाव होतं. मंग तुम्ही काऊन हसले?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. सूप उचललं आणि आत गेल्या.

सोमवारी तो पहिल्या गाडीनं तालुक्याला गेला आणि साहेबांना सगळं सांगून आला. साहेबांनी ऐकून घेतलं, माहितीपत्रकाचं बघू म्हणाले आणि दुसऱ्या कामाला लागले. कचेरीच्या पायऱ्या उतरताना आपलं ओझं हलकं होईल असं त्याला वाटलं होतं. ते झालं नाही.

दुपारी केशरबाईंच्या परातीतलं पाणी आता गल्लीत पडायचं. धुळीत पडल्याचा आवाज त्याला घरात ऐकू यायचा. वांगी माना टाकू लागली, चुका वाळला. बद्रीनाथ आपल्या आंघोळीचं पाणी बादलीत धरून मेथीच्या एकाच वाफ्याला घालू लागला. तेवढ्यात अर्धाच वाफा भिजायचा. एका माणसाच्या पाण्यावर किती पिकतं, ते आता त्याला बरोबर कळलं होतं.

त्या अर्ध्या वाफ्यातली मेथी तयार झाली की तो ती घेऊन पलीकडच्या दारात जायचा. पुष्पा लेकराला खांद्यावर घेऊन बाहेर यायची नि जुडी घ्यायची. केशरबाई आत असायच्या. त्यांच्या बांगड्यांचा आवाज यायचा, पण त्या उठून दारापर्यंत यायच्या नाहीत. आणि त्यांना हाक मारावी, एवढं बळ बद्रीनाथाच्या जिभेत नसायचं.