तडजोडीचं सातवं कलम

"इथे सही केलीत की प्रकरण मिटलं," वकीलबाई म्हणाल्या आणि अकरा पानांचा कागद त्यांनी कारकुनापुढे सरकवला.

प्रकरण कुणाचं मिटणार, हे विचारायची सोय नव्हती. टेलिफोन कंपनीला दरवर्षी कमाईतला ठरावीक वाटा सरकारी निधीत भरावा लागे. त्यातून डोंगरापलीकडच्या गावांना फोन मिळत. कंपनीने सहा वर्षं कमाई कमी दाखवली, वाटा कमी भरला, आणि चौकशी लागली. आता तडजोड ठरली होती. कंपनी थकबाकी आणि दंड भरेल, गुन्हा कबूल करणार नाही, आणि ज्याच्या हातून चूक झाली त्याला बडतर्फ करेल. असा कुणीतरी हवाच होता. विवरणपत्रं भरणारा कारकून आयता सापडला. निवृत्तीला त्याचे चौदा महिने उरले होते. बडतर्फी म्हणजे पेन्शन गेली.

"साहेब, मी दरवर्षी शंका काढली होती," वकीलबाईंशेजारी बसलेल्या आपल्या साहेबांना तो म्हणाला. "भाड्यानं दिलेल्या लाइनींचं उत्पन्न धरायला हवं, असं कच्च्या प्रतीवर पेन्सिलीनं लिहायचो. तुम्हीच म्हणायचात, खोडून टाका."

"मग आणा की ते कागद," साहेब म्हणाले. "आम्ही कुठं नाही म्हणतोय?"

जिन्याखालच्या दप्तरखोलीत त्याने सहाही प्रती शोधून काढल्या आणि एकेक दिव्यासमोर धरली. समास कोरे होते. कागद खराब होतो म्हणून तो पेन्सिल कधी दाबत नसे, आणि खोडायचा तर इतक्या सफाईने, की बाकीचे कारकून आपले कागद त्याच्याकडे खोडायला आणत. गड्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही स्वच्छ धुऊन.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अहो, सापडले का कागद?"

"सापडले. पण त्यावर काही दिसत नाही."

"नीट बघा हो. कुठंतरी थोडं राहिलंच असेल."

"मी खोडलंय गं ते," तो म्हणाला. तशातही त्याच्या आवाजात जरासा अभिमान होता, आणि त्याची त्याला लाज वाटली.

तो रिकाम्या हाताने वर आला. साहेबांनी घड्याळ बघितलं. "एकदा वाचून घ्या," वकीलबाई म्हणाल्या. "मागाहून म्हणाल, वाचू दिलं नाही."

त्याने वाचायला घेतलं. सातव्या कलमात लिहिलं होतं, 'सदर चूक ही संबंधित कर्मचाऱ्याच्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे घडली.' ते त्याने दोनदा वाचलं. मग पान उलटलं. नवव्या कलमात कंपनीने भरायची रक्कम होती. आकड्यांत आठ कोटी आणि अक्षरांत ऐंशी लाख.

नुसतं गप्प बसायचं होतं. चौकशी करणाऱ्या सरकारी खात्याने तो कागद साहेबांच्या तोंडावर फेकला असता, तडजोड फिसकटली असती, चौकशी पुन्हा उघडून कदाचित साहेबांपर्यंतही पोचली असती. असं दान आयुष्यात एकदाच पडतं. पण चूक दिसली आणि दाखवली नाही, असं त्याच्याकडून छत्तीस वर्षांत झालं नव्हतं.

"बाई, हे जुळत नाही," त्याने बोट ठेवलं.

वकीलबाईंचा चेहरा उतरला. पान नव्याने छापून आलं. मग त्याने अकराही पानांवर सही केली, सातव्या कलमाच्या पानावरही, एकाच वळणाची.

"थोडक्यात वाचलो!" साहेबांनी घाम पुसला. "शाबास! इतक्या काटेकोरपणे हल्ली कोण बघतं? ओळखपत्र तेवढं खाली जमा करा."

फाटकावर ओळखपत्र देऊन तो रस्त्यावर आला, तोच पुन्हा फोन वाजला.

"अहो, काय झालं? साहेब काय म्हणाले?"

"शाबास म्हणाले."

"देव पावला गं बाई!" ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मग रडता रडता, किती महिने नीट झोप नव्हती ते सांगू लागली. तो फोन कानाला धरून भिंतीकडेला उभा राहिला. तिला मध्येच तोडायचं त्याच्या जिवावर आलं.