काळ्या परातीतला समुद्र

लोलो तेबानच्या, म्हणजे तेबानआजोबांच्या, अंगणात सकाळी दहालाच पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध काळी परात, शेजारी कापडावर संताची मूर्ती; परातीत पाणी, पाण्यावर मेणबत्तीचं मेण ठिबकवणारे लोलो. थेंब पडला की पांढरा होऊन गोठायचा आणि आमचं सगळं गाव श्वास रोखायचं.

"आज पहाटेचा समुद्र बघा," लोलो म्हणाले. "ही तीन परदेशी जहाजं. दिवे मालवून आपली मासळी ओरबाडतायत. माझ्यापासून लपणार कुठं?"

गेल्या महिन्यात त्यांनी दाखवलेली दोन जहाजं तटरक्षकांना नेमकी तिथंच सापडली होती. तेव्हापासून फिलिपीन्समधल्या झांबालेसच्या या किनाऱ्यावर लोक कोंबडीसुद्धा लोलोंना विचारून घेत.

"लोलो, माझा इस्को?" नेनितानं विचारलं.

तिच्या नवऱ्याची लाकडी होडी, दोन्ही बाजूंना बांबूचे पंख असलेली, चार दिवस परतली नव्हती.

लोलोंनी उरलेल्या काळ्या पाण्यावर हात फिरवला. "समुद्र रिकामा आहे, पोरी. त्याच्या आत्म्यासाठी नऊ दिवसांची प्रार्थना बसवा."

नेनिता रडली नाही. वाळूवर बसली आणि कुशीत काही जपावं तसे रिकामे हात छातीशी धरले. शोधपथकाचा म्होरक्या अबुंदियो म्हणाला, "एकाच फेरीचं डिझेल उरलंय. मग कशाला जाळायचं?" बाकीचे नवव्या दिवशीच्या जेवणाला किती कोंबड्या लागतील यावर बोलू लागले.

"अबुंदियो," शाळेतल्या रेमेदियोसबाई मागून म्हणाल्या, "आज पहाटे कुठं होतास?"

"समुद्रात. सहा होड्या घेऊन इस्कोला शोधत होतो."

"लोलो, त्या सहा होड्या दाखवा बरं."

लोलोंनी परातीत पाहिलं. मेणाचे तीनच थेंब तरंगत होते.

"म्हणजे अबुंदियोही बुडाला," बाई म्हणाल्या. " त्याचीही प्रार्थना सोबतच उरकू, कोंबड्या वाचतील."

अबुंदियोनं स्वतःचा दंड चाचपला. त्याची बायको म्हणाली, "बुडालेला माणूस आत्ता तीन ताटं भात हाणून आलाय!"

"आणि लोलो, संताला नमस्कार करताना दरवेळी चष्मा कशाला लागतो?" बाईंनी मूर्तीखालचं कापड उचललं. खाली फोन. फोनवर काळा समुद्र आणि तीन पांढरे ठिपके.

"पुतण्या मनिलाहून पाठवतो," लोलो म्हणाले. "पण मेण माझंच आहे."

"हे रडारचं चित्र," बाईंनी फोन सगळ्यांपुढे धरला. "पालिकेच्या प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं. उपग्रह वरून लहरी सोडतो. लोखंडी जहाजावर आपटून त्या जोरात परततात, म्हणून ठिपका उमटतो. अंधार असो, ढग असोत. असली चित्रं कुणालाही फुकट मिळतात. पण आपली लाकडाची लहान होडी लाटांतच मिसळून जाते. तुमच्या सहा होड्या मिसळल्या, तशीच इस्कोचीही मिसळली असेल."

नेनिता उठली. डिझेलचा डबा तिनंच उचलला. अबुंदियो मान खाली घालून मागे निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी इस्को सापडला. इंजिन बंद पडलेलं, ओठ फाटलेले, ताडपत्रीत साठलेलं पावसाचं पाणी पिऊन जगलेला. आणखी एक दिवस तो काढू शकला नसता.

उपग्रह खोटं बोलला नव्हता. त्याला जे दिसतच नव्हतं, ते नाहीच असं लोलोंनी खपवलं, आणि आम्ही हात जोडून मान्य केलं. तेव्हा कुणी म्हणालं, 'दिसत नाही', तर आधी विचारा: कशानं पाहिलंत? त्याला काय दिसतं, काय दिसत नाही? न दिसणं आणि नसणं यांच्यामध्ये एक माणूस पाणी मागत पडलेला असू शकतो.