डोळ्यातला रवा

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. डोळ्यांतले 'खडे' काढणारे बाबा एकेकाची पापणी कापसाने पुसायचे, कापूस उंच धरायचे, आणि त्यावरचे पांढरे कण पाहून गर्दी "अगं बाई!" करायची.

"डोळ्यात खुपतं, म्हणून नाव खुपऱ्या! खुपणारं काढलं की रोग संपला!" बाबांच्या जिभेला हाड नव्हतं.

सिस्टरबाईंना पहिल्यापासून काळंबेरं वाटत होतं. वीस वर्षं त्यांनी दवाखान्यात पापण्या उलटवून पाहिल्या होत्या. शेजारी त्यांची धाकटी बहीण बसली होती. ती शिवणकाम करायची. मागच्या खेपेला बाबांनी तिचे 'अकरा खडे' काढले आणि तिने डॉक्टरांचं औषध बंद केलं. आता तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता.

"पण ताई, मला बरं वाटलं होतं गं."

"वाटलं होतं. झालं होतं का?"

बहिणीचा नंबर आला. बाबांनी पापणी पुसली. "नऊ खडे!"

सिस्टरबाईंनी कापूस हिसकावला आणि पर्समधल्या बाटलीतलं आयोडीन त्यावर टाकलं. कण काळेनिळे झाले.

"हा रवा आहे. पिठूळ पदार्थाला आयोडीन लागलं की असंच होतं. कापसात आधीच भरून ठेवलाय."

"श्रद्धा नसली की खड्यांचा रवा होतो!" बाबा गरजले.

"आणि असली की रव्याचे खडे!" बाई म्हणाल्या. लोक हसले. बाईंनी हात धुतले, बहिणीची पापणी उलटवून दाखवली. आतले बारीक फोड जिथल्या तिथे होते.

"मग हे काय खुपतंय?" बहिणीने घाबरून विचारलं.

"तुझ्याच पांढऱ्या पेशी जमल्यात. क्लॅमिडिया नावाचा जंतू पापणीच्या पेशींत शिरून लपतो. त्या पेशीच आधी धोक्याची हाक देतात, मग शरीराची फौज धावते. लाली, सूज, पू, सगळं त्या लढाईचं. ती कधी मंदावते, तेव्हा बरं वाटतं. जंतू मात्र आतच असतो. लढाई रेंगाळली, पुन्हापुन्हा झाली, की पापणीवर वण पडतात, ती आत वळते आणि केस बुबुळावर घासतात. जंतू औषधानेच मरतो."

"माझे डोळे जातील?"

"आजपासून औषध घेतलंस तर वाचतील." बाई म्हणाल्या. त्या गर्दीकडे वळल्या. "सकाळपासून यांनी एकदा तरी हात धुतले? एकाचा रोग दुसऱ्याला लावतायत. कुणावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पुरावा मागा, माझ्याकडेसुद्धा मागा."

पुढचा नंबर असलेल्या मुलीची आई बाबांच्या बोटांकडे पाहत राहिली. मग तिने लेकीला कडेवर घेतलं आणि विचारलं, "सिस्टर, दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो?"