चार बोटं कापड

घरात ‘बाळ’ हा शब्द कोणी काढायचा नाही, असा बटणचा सक्त हुकूम होता. बटण म्हणजे टेलरमास्तरांची एकुलती एक लेक, वय वर्षं तेहतीस. सातव्या वर्षी तिला रक्ताचा कॅन्सर झाला, औषधांनी डोक्यावरचा केस न् केस गेला. त्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत मास्तर तिला बटण म्हणाले, आणि केस परत आले तरी नाव काही गेलं नाही.

आजार गेला, पण त्या औषधांनी बीजकोशांची पार वाट लावली होती. लग्नानंतर पाच वर्षं नुसती इंजेक्शनं, सोनोग्राफ्या आणि तारखा. मोठ्या मुश्किलीने प्रयोगशाळेत दोन गर्भ तयार झाले. पहिला रुजला नाही. तेव्हा आईने हौसेने इवलासा स्वेटर विणायला घेतला होता. तो अर्धा स्वेटर बघून बटण जी रडली, तिला आवरता आवरेना. हुकूम निघाला तो त्यानंतर. दुसरा, म्हणजे शेवटचा गर्भ आठ दिवसांपूर्वी पोटात सोडला होता. रिपोर्टला अजून सहा दिवस होते आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

मास्तरांनी तोंडातून ब्र काढला नाही. फक्त लेकीला एक निळा ड्रेस शिवून दिला.

बटण त्यांच्याच दुकानात काजं करायची. नवा कपडा हातात आला की आधी उलटा करून शिवण बघायची, हा या बापलेकीचा जुना रोग. तिने ड्रेस उलटा केला आणि तिचं डोकंच फिरलं. कमरेला दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं कापड आत दाबलेलं, तेही झटकन उसवता येईल अशा कच्च्या टाक्याने.

“बाबा, हे काय?”

“कापड उरलं होतं.”

“उरलं? तुमच्या हातून कधी चिंधी उरली नाही! जादा कापड वाढत्या पोरांना ठेवतात. मोठ्या बाईच्या कमरेला कशाला?”

मास्तर चष्मा पुसत राहिले.

“आशा लावू नका म्हटलं होतं ना मी? परत काही झालं तर तुमचं तोंड बघून मला दुप्पट रडू येतं.”

“तुझा पिवळा फ्रॉक आठवतो?” मास्तर म्हणाले. “डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पोरीचं काही खरं नाही. घरी येऊन मी फ्रॉकला खाली चार बोटं जादा दुमडली. तुझी आई म्हणाली, केवढा जड झालाय! म्हटलं, वाढेल ती.”

“आणि नसते वाढले तर?”

“तर कापड वाया गेलं असतं. पण बेताचा शिवला असता, तर तुझ्या अंगात घालताना तुझ्याकडे बघितलं कसं असतं गं मी?”

बटण फणकाऱ्याने घरी गेली. पण ड्रेस पिशवीत घालून नेला. तो पिवळा फ्रॉक तीनदा उसवून लांब केला होता, हे तिला वाटेत आठवलं. दर वेळी खाली नव्या कोऱ्या पिवळ्या रंगाचा पट्टा उघडा पडायचा आणि ती तो शाळेत सगळ्यांना दाखवत सुटायची.

सहा दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. “काय म्हणाले? अगं, काय म्हणाले?” करत नवरा एका पायात चप्पल घालून मागे धावला, तोवर ती दुकानात पोचलीही होती. तिने निळा ड्रेस उलटा करून मास्तरांसमोर ठेवला.

“कमरेत सोडायचाय.”

सवयीने मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. “किती?”

“आत्ताच नाही. पण सगळा सोडावा लागेल.”

मास्तर घाईघाईने मशीनवरच्या पँटवर वाकले. डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं, तरी मशीन मारत सुटले आणि गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून मोकळे झाले.

“उठा तिथून,” बटण रडता रडता हसायला लागली. पँट ओढून घेऊन तिने स्वतः उसवायला घेतली. चार टाके निघाल्यावर तिने आपला हुकूम आपणच मोडला.

“बाळ वाढेल, बाबा,” ती म्हणाली.