शारकाचा पान्हा

“गाय पान्हा चोरतेय,” वेलिका म्हणाली आणि कोरडी बादली तिने उलटी ठेवली.

“चोरायला आधी असावा लागतो ना!” गान्चो दाराला टेकून उभा होता. “आणून तीन दिवस झाले, काकू. आटली ती. आता ते उभं मटण आहे.”

“मटण म्हणे! शारका नाव आहे तिचं.”

शारका आम्हा तीन घरांत मिळून एक आली होती. सामुदायिक शेती मोडायला राजधानीहून, सोफियाहून, सरकारी समिती आली. तिने शाळेच्या पटांगणात एका टोपीतून चिठ्ठ्या काढायला लावल्या. तीन घरांना एक गाय. वासरं वेगळ्या टोपीत, गवताच्या गंजी आणखी वेगळ्या. आमच्या चिठ्ठीवर तीन नावं होती. सव्वीस वर्षं सामुदायिक गोठ्यात दूध काढणारी वेलिका, ट्रॅक्टर चालवणारा गान्चो आणि गुरांचा चारा बघणारा मी, दोब्री. जागा होती म्हणून गाय माझ्या खोपटात बांधली.

गान्चोचं चुकत नव्हतं. ट्रॅक्टर विकला गेला होता. घरात चार खाणारी तोंडं, आणि दोन महिने चुलीवर घेवड्याशिवाय काही चढलं नव्हतं. वेलिकाला ना नवरा ना मूल. गोठा बंद झाल्यावर पहाटे उठायला तिला ही एक गाय उरली होती. त्या संध्याकाळी ठरलं, सकाळी दूध आलं तर गाय राहील. नाही आलं तर कापायची.

सकाळी वेलिकाने कोमट पाण्याने कास शेकली, चोळली, आचळं ओढली. काही नाही. तिने गायीच्या कुशीला कपाळ टेकलं आणि तशीच बसून राहिली. मग एकदम म्हणाली, “दोब्री, हिला हातानं कधी कुणी पिळलंय का रे?”

“कोण पिळणार? गोठ्यात यंत्रं होती की.”

“मोटर सुरू झाली की सगळ्या पान्हवायच्या. नळ्या लावायच्या आधीच! आठवतं?”

आठवत होतं. पण ती मोटर कुणीतरी आतल्या तांब्याच्या तारेसाठी फोडून नेली होती.

वेलिकाने ओठ मिटले आणि आवाज काढला. “घुऽऽम… टिक्-फस्स, टिक्-फस्स…”

मला हसू आलं.

“दात काय काढतोस? तू टिक्-फस्स कर. मला दोन्ही जमत नाही.”

साठी उलटलेली आम्ही दोन माणसं जानेवारीच्या त्या थंडीत मोटर झालो. शारकाचे कान उभे राहिले. ती पाय फाकवून उभी राहिली, गोठ्यात राहायची तशी. आणि बादलीत धार वाजली.

गान्चो आला तेव्हा बादली अर्धी भरली होती. त्याच्या काखेत पोत्यात गुंडाळलेला सुरा होता. त्याने बादलीत डोकावलं.

“आलं की.”

“आलं,” वेलिका म्हणाली. “शब्द दिलायस.”

“दिलाय.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “काका, चाऱ्याचं तुम्ही सांगा. किती दिवस पुरेल?”

ज्यांना गंजी मिळाल्या त्यांच्याकडे गाय नव्हती. त्यांनी गवत लगेच बाहेरगावी विकलं. मी खोपटाच्या छपरातला पेंढाही ओढून गायीपुढे टाकला होता. मला खोटं बोलता आलं असतं. वेलिका माझ्याकडे बघत होती. पण चाऱ्याच्या बाबतीत मी जन्मात कधी खोटं बोललो नव्हतो, आणि उपाशी गाय कशी मरते ते मी पाहिलं होतं.

“चार दिवस,” मी म्हणालो.

“आणि कुरणात हिरवं?”

“एप्रिलमध्ये.”

वेलिकाचे हात थांबले नाहीत.

“जरा थांब,” ती शेवटी म्हणाली. “भरल्या कासेनं नेऊ नकोस. दुखतं तिला.”

गान्चोने पोतं दाराबाहेर ठेवलं.

वेलिकाने पुन्हा आवाज धरला, पण तिचा दम तुटायला लागला. धार बारीक झाली. दोन आचळं अजून भरलेली होती. माझं टिक्-फस्स तर केव्हाच बंद पडलं होतं. तेव्हा गान्चोने टोपी काढली, खाली बसला आणि सुरू झाला, “घुर्रऽऽ… घुर्रऽऽ…”

शारकाने दचकून मान वळवली.

“हळू रे,” वेलिका म्हणाली. “हा ट्रॅक्टर झाला. मोटर इतकी ओरडत नाही.”

त्याने आवाज खाली आणला. वेलिकाने मान हलवली आणि पुढचं आचळ धरलं.