साडेसात ते आठ

डिसेंबरात वक्तृत्वात माझा पहिला नंबर आला, तेव्हापासून मी गप्प बसणं सोडून दिलंय. म्हणूनच बाईंनी नववीच्या प्रकल्पाचे विषय वाटले तेव्हा सगळ्यात अवघड विषय मी हात वर करून मागून घेतला. 'कंपनीचं बौद्धिक भांडवल.' म्हणजे कंपनीतलं असं ज्ञान, ज्याच्यावाचून नुसती यंत्रं काही कामाची नाहीत.

कंपनी घरचीच होती. माझी आई, सुप्रिया, साजगावच्या मेणखडूच्या कारखान्यात अकरा वर्षं कढईवर आहे. मेण वितळवायचं, रंग घालायचा, ढवळायचं, साच्यांत ओतायचं. आज कुठल्या रंगाचे खडू ओतले ते आमच्या घरी पाहुण्यांनाही सांगता येतं, कारण आईच्या नखांत त्या दिवशीचा रंग असतो.

पण नेमकं त्याच आठवड्यात कंपनीत ढवळायचं आणि ओतायचं नवीन यंत्र आलं. सोमवारी चाचणी होती. जमली की आई कढईवरून पॅकिंगला. दोन दिवस ती माझ्यावर एकदाही ओरडली नाही. मला ते अजिबात आवडलं नाही.

सोमवारी मी परवानगीचं पत्र घेऊन तिच्याबरोबर निघाले. खोपोलीकडं जाणारी आमच्या गावची सकाळची एसटी एकच, त्यामुळं आम्ही साडेसातलाच फाटकात. हजेरी आठपासून लागते. थंडी अशी होती, की डोंगर धुक्यात गायब. आई रिकाम्या कढईभोवती दोनदा फिरली.

"रोज आत्ता काय करतेस गं?" मी विचारलं.

"कढईवर फडकी तापवून साचे शेकते. आज ते यंत्राच्या खोलीत, कुलपात हायेत. माझं काय काम नाय."

मला ते काही विशेष वाटलं नाही. मी मोठ्या माणसांना भेटायला आले होते.

हिशेबाचे शकूरभाई चहात खारी बुडवत म्हणाले, "बौद्धिक? बेटा, ज्याचं बिल नाही ते माझ्या पुस्तकात नाही. अक्कल फुकट असते, म्हणून तर कुणी वापरत नाही."

केमिस्ट अक्षय सरांनी गळ्यातली किल्ली दाखवली. कपाटात प्रत्येक रंगाचं सूत्र होतं. "हे गेलं तर कंपनी गेली," ते म्हणाले आणि किल्ली परत शर्टात टाकली, जणू मीच चोर.

माणसांचा विभाग सांभाळणाऱ्या श्रद्धा मॅडम एकदम गोड हसल्या. "आमची माणसं हेच आमचं भांडवल." मी आईची फाईल मागितली. त्यात एक ओळ होती: आठवी पास, मदतनीस. प्रशिक्षण: नाही.

मी वहीत तिन्ही उत्तरं लिहिली. तिघंही खात्रीनं बोलत होते आणि एकाच्याही उत्तरात माझी आई नव्हती.

दहा वाजता यंत्रातून लाल खडू बाहेर आले. सरळ, चकचकीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजर मनोज साहेबांनी पेढेसुद्धा आणले होते. आईनं पॅकिंगच्या टेबलावरचा एक खडू उचलला, कानाजवळ नेऊन मोडला. खच्.

"ह्ये पोरांच्या हातात टिकायचे नाय, सायेब," ती म्हणाली. "चांगला खडू टक बोलतो."

"ताई, तापमान, सूत्र, वेळ, सगळं बरोबर आहे," अक्षय सर म्हणाले. "खडू काय बोलतो ते आपण मोजत नाही."

तेवढ्यात डबे भरणाऱ्या आयशाताईंनी झाकण दाबलं आणि आतले चार खडू एकदम मोडले. पुढच्या डब्यात पाच. पेढ्यांचा खोका तसाच उघडा राहिला. अक्षय सर किल्लीसकट कपाटाकडं पळाले, सूत्र पुन्हा वाचून आले. सूत्रात चूक नव्हती.

आई खाली मान घालून डबे भरत होती. मग मला फाटक आठवलं, धुकं आठवलं. मी वही मिटली आणि पुढं झाले.

"सर, साचे गार होते का?"

सगळे माझ्याकडं वळले. मी थांबले असते तर मेलेच असते, म्हणून बोलत सुटले. "आई रोज साडेसातला येते. कढईवर फडकी गरम करून साचे शेकते. आठ वाजता तुम्ही येता तेव्हा ते कोमट असतात. आज शेकलेच नाहीत."

अक्षय सर आईकडं बघत राहिले. "रोज?"

"रोज. थंडीत जरा जास्त," आई म्हणाली. "गार साच्यात मेण दचकतं. बाहेरून घट्ट दिसतं, पण आतून फुटलेलं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं नाय. आनि तवा हजेरी लागलेली नसती."

शकूरभाई मोठ्यांदा हसले. "म्हणजे अकरा वर्षं कंपनी त्या अर्ध्या तासावर चाललीय, आणि तो माझ्याही पुस्तकात नाही, मॅडमच्याही फाईलमध्ये नाही, अक्षयच्याही कपाटात नाही."

मग आईनं साचे शेकले. घाई केली नाही. एकेक साचा मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघितला, बाळाचं दूध बघतात तसा. यंत्रातलं तेच मेण पुन्हा ओतलं. निवल्यावर एक खडू तिनं अक्षय सरांच्या हातात दिला. ते जरा लाजले, पण कानाजवळ नेलाच.

टक.

एवढा सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. आयशाताईंनी पेढे वाटले. श्रद्धा मॅडम फाईल घेऊन आल्या आणि 'मदतनीस' खोडून पेन धरून उभ्या राहिल्या.

"सुप्रियाताई, यंत्र तुमच्याच ताब्यात राहू दे," मनोज साहेब म्हणाले. "आणखी दोघींना शिकवा पण. फाईलमध्ये काय लिहायचं?"

आईनं लाल नखांचे हात पदराला पुसले.

"नाव काय बी लिवा, सायेब. आधी माझी हजेरी साडेसातपासून लिवा."