कांडीवरचा डाग

"सर, यात तुमची भुकटी घालायचीच राहिली," विद्यार्थिनी म्हणाली.

"राहिली नाही. मुद्दामच घातली नाही."

तरीही कुपीतली क्रिया झाली होती. यंत्राच्या पडद्यावरच्या आलेखात हव्या त्या जागी उंच सुळका आला होता, भुकटी घातल्यावर यायचा अगदी तेवढाच. शेजारच्या कुपीत भुकटी होती, पण ढवळायची कांडी कोरी होती. तिथे काही म्हणता काही घडलं नव्हतं.

लोहारसर मटकन खुर्चीत बसले. हे नाव मुलांनी पाठीमागे ठेवलेलं, आणि सरांना ते मनातून आवडायचं. क्रिया घडवून आणायचं महागड्या पॅलेडियम धातूचं काम साध्या लोखंडाच्या भुकटीकडून करून घेणारा, म्हणून लोहार. सारी कारकीर्द त्या तपकिरी भुकटीवर उभी होती. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने 'आमच्याकडे तुमची भुकटी ढिम्म काम करत नाही' असं कळवलं, तेव्हा त्यांना खोटं पाडायला तावातावाने बसलेले सर स्वतःच तोंडघशी पडले होते.

त्यांनी चिमट्याने पहिल्या कुपीतली जुनी कांडी उचलली. द्रवात गरगर फिरणारी, पांढऱ्या आवरणातली, बोटाच्या पेराएवढी चुंबकाची कांडी. टोकाला काळा डाग. सरांच्या आधी या खोलीत पॅलेडियमवरच काम चालायचं आणि कांड्यांचा डबा तेव्हापासूनचा. धातू आवरणात मुरून बसला होता. इतकी वर्षं राबला तो, शाबासकी मात्र भुकटीने खाल्ली.

सगळे त्याच डब्यातली कांडी उचलायचे. एकीलाच तो डाग खपत नसे. ती सरांची सख्खी भाची. कांडी डागाळलेली दिसली की फेकून द्यायची आणि दर वेळी नवी कोरी घ्यायची. तिचा प्रयोग कधीच झाला नाही. शेवटी सर भर प्रयोगशाळेत म्हणाले होते, "तुला हातच नाहीत. हे काम तुझं नव्हे." तिने शिक्षण अर्ध्यावर सोडलं.

"आता काय करायचं, सर?"

"शोधनिबंध मागे घ्यायचे. सगळे. पत्र उद्या लिहू, आज मला एकीकडे जायचंय."

भाची रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकांना हव्या त्या छटा कालवून देत असे. त्यांना दारात बघून तिचा चेहरा उतरला.

"मामा, तुम्ही? आई बरी आहे ना?"

वाईट बातमी असल्याशिवाय मामा इथे येणार नाही, हे ती धरूनच चालली होती. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागच्या खोलीत तिने त्यांना स्टुलावर बसवलं, चहा केला. त्यांनी सगळं सांगितलं. मग खिशातून डबी काढून कांडी तिच्या तळहातावर ठेवली. "तुझा प्रयोग बरोबर होता. त्या खोलीत तेवढा एकच बरोबर होता."

ती बराच वेळ कांडी उलटसुलट करत राहिली.

"मी म्हणाले होते तुम्हाला. म्हटलं, मामा, कांड्यांमुळे तर होत नसेल? तुम्ही म्हणालात, नाचता येईना अंगण वाकडं."

"असं म्हणालो मी?"

"सगळ्यांसमोर. सगळे हसले. मीपण हसले."

सरांना यातलं काही आठवेना, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली. मान वर होत नव्हती. "निबंध मागे घेताना मी कारणही छापणार आहे. तुझं नाव घालून लिहितो, हे आधी हिला कळलं होतं म्हणून."

"नको. तिथे माझं नाव कधी नव्हतंच, मामा. आता कशाला?"

ती रागाने बोलली नव्हती. रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

बाहेरून गिऱ्हाइकाने हाक मारली. "आले!" म्हणत तिने कांडी परत डबीत ठेवली, त्यांचा रिकामा कप उचलला आणि नळाखाली धरला. पुन्हा पुन्हा खंगाळला, उजेडासमोर फिरवून पाहिला आणि फडक्यावर पालथा घातला. भांडी अशी धुवायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"बसा हं, त्याला रंग देऊन येते."

ती गेली. तिची बोटं निळ्या रंगाने माखलेली होती. लोहारसरांनी कप उचलून सगळीकडून पाहिला. त्यावर कुठे एक ठिपकाही नव्हता.